नाव कानफाट्या पडलेलं शहर

इलिनॉय राज्याचे चार गव्हर्नर तुरुंगाची हवा खाऊन आले, ही माहिती शिकागोत न विचारताच मिळते. नदीतल्या बोटीवरून इमारती दाखवणारा गाइड ती सांगतो, विमानतळावरून घरी सोडणारा टॅक्सीवाला सांगतो, बहिणीच्या शेजारच्या बाई ओळख होते न होते तोच सांगतात. ऑटो कर्नर, डॅन वॉकर, जॉर्ज रायन आणि रॉड ब्लागोयेविच. यातले वॉकर पद सोडल्यानंतरच्या बँकेच्या व्यवहारात अडकले, बाकीचे तिघे सत्तेच्या कारभारात. पण एवढ्या तपशिलात कुणी शिरत नाही. ‘आमचं हे असं आहे,’ असं म्हणून सांगणारा हसतो, ऐकणारेही हसतात आणि बोट पुढे सरकते.

मला ते हसू फार लागलं. माझी उमेदीची वर्षं महाराष्ट्रातल्या एका शहरात महापालिकेच्या बातम्या लिहिण्यात गेली. स्थायी समिती, निविदा, टक्केवारी, बांधकाम परवानगीच्या अडकलेल्या फायली हे माझं रोजचं जग. तिथेही लोक असेच हसायचे, आणि ज्या दिवशी लोक हसायला लागले त्या दिवसापासून आमच्या बातम्यांची धार गेली, असं मला आजही वाटतं. म्हणून मावसबहिणीकडे शॉम्बर्ग या शिकागोच्या उपनगरात महिनाभर राहायचं ठरलं, तेव्हा शिकागोची ही बदनामी जिथे जिथे घडली त्या जागा पायी फिरून बघायच्या, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. सप्टेंबर होता. इलिनॉयच्या विधानसभेचे अनेक वर्षांचे सभापती माइक मॅडिगन यांना साडेसात वर्षांची शिक्षा सुनावली गेली, त्याला जेमतेम तीन महिने झाले होते.

शिकागोला आलेला मराठी माणूस आधी मिशिगन अव्हेन्यूवर जातो. आर्ट इन्स्टिट्यूटच्या इमारतीत ११ सप्टेंबर १८९३ रोजी स्वामी विवेकानंद बोलले. बाहेरच्या रस्त्याला त्यांच्या नावाची पाटी आहे, तिच्याखाली फोटो काढायचा असतो. मीही काढला. पण त्याच वर्षीच्या शरदात, सर्वधर्म परिषद आटोपल्यावर, विल्यम स्टेड नावाचा एक इंग्रज पत्रकार या शहरात आला होता, हे तिथे कुठे लिहिलेलं नाही. त्यानं गुत्ते, कुंटणखाने, पोलीसचौक्या आणि नगरसेवकांचे अड्डे पालथे घातले आणि १८९४ मध्ये ‘इफ क्राइस्ट केम टू शिकागो’ हे पुस्तक काढलं. ट्राम आणि गॅस कंपन्यांकडून पैसे घेऊन मतं विकणाऱ्या नगरसेवकांवर त्यात कोरडे ओढले होते. त्या खळबळीतून शहरातली चांगली माणसं एकत्र आली आणि १८९६ मध्ये ‘म्युनिसिपल व्होटर्स लीग’ ही संस्था उभी राहिली. तिचं काम साधं होतं. निवडणुकीआधी प्रत्येक नगरसेवकाचा कच्चा चिठ्ठा छापायचा: कुणी कोणत्या ठरावाला मत दिलं, कुणाचं वागणं संशयास्पद. त्या छापील चिठ्ठ्यांनी अनेकांना घरी बसवलं. पुढे लिंकन स्टेफन्स या पत्रकारानं अमेरिकेतल्या किडलेल्या शहरांवर लेखमाला लिहिली, तिचं १९०४ मध्ये पुस्तक झालं. त्यात शिकागोच्या वाट्याला चक्क कौतुक आलं, कारण हे शहर स्वतःशी झगडत होतं. हे कौतुक कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

शॉम्बर्गहून मेट्राच्या लोकल गाडीनं तासाभरात युनियन स्टेशन येतं. तिथून थोडं चाललं की डोक्यावरून धडधडत जाणारी लोखंडी रेल्वे दिसते. तिथे तिला नुसतं ‘एल’ म्हणतात. शहराच्या मध्यभागाला वेढा घालणारा तिचा मार्ग १८९७ मध्ये पुरा झाला तो चार्ल्स यर्क्स या धनाढ्यामुळे. परवानग्या विकत घेण्यात या माणसाचा हात धरणारा कुणी नव्हता. ट्रामचा ठेका ५० वर्षांसाठी मिळावा म्हणून त्यानं नगरसेवकांच्या हातावर पैसे ठेवायला सुरुवात केली, तेव्हा १८९८ च्या डिसेंबरात चिडलेली माणसं फासाचे दोर घेऊन महापालिकेच्या सभागृहाभोवती जमली. ठराव बारगळला आणि यर्क्सनं शिकागोचा नाद सोडून लंडनची वाट धरली. मी ब्राउन लाइनच्या गाडीत बसून तो वेढा पुरा केला. गाडी इमारतींच्या इतकी जवळून वळते की दुसऱ्या मजल्यावरच्या कचेऱ्यांतली टेबलंसुद्धा दिसतात. लाचेतून उभी राहिलेली वस्तू सव्वाशे वर्षं उत्तम चालते आहे, हे मान्य करायलाच हवं. लोकांचं मन तिथेच ढिलं पडतं: खाल्लं खरं, पण काम केलं ना! हे वाक्य मी आमच्या गावातही हजारदा ऐकलंय.

महापालिकेची इमारत ला सॅल रस्त्यावर आहे. दगडी, जाडजूड खांबांची. सुरक्षा तपासणी झाली की कुणालाही आत फिरता येतं. तिसऱ्या मजल्यावर ३०२ क्रमांकाची खोली वित्त समितीची. तिथे एडवर्ड बर्क यांचा दरबार भरायचा. बर्क १९६९ मध्ये नगरसेवक झाले आणि २०२३ मध्ये पायउतार झाले. ५४ वर्षं. शहराच्या इतिहासात इतका काळ कुणीच टिकलं नाही. २९ नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी केंद्रीय तपास यंत्रणेची, म्हणजे एफबीआयची माणसं इथे आली, कर्मचाऱ्यांना बाहेर काढलं आणि दाराच्या काचांवर आतून तपकिरी कागद चिकटवला. त्या कागद लावलेल्या दाराचा फोटो जगभर गेला. मी त्या मजल्यावर पोचले तेव्हा दोन कारकून बायका फायलींचा गठ्ठा घेऊन लिफ्टची वाट बघत होत्या. दाराकडे बघत उभी राहिलेली मी त्यांना दिसले, आणि एकीनं काही न विचारता बोटानं काच दाखवून सांगितलं, ‘इथे, इथपर्यंत कागद होता.’ मग तिनं आवाज जरा खाली आणून सांगितलं की त्या आठवड्यात तिच्या आईनं फोन करून विचारलं होतं, तू तर कशात नाहीस ना? आयुष्यभर इमानानं नोकरी करणाऱ्या मुलीला आईनं हा प्रश्न विचारावा! शहर बदनाम होतं तेव्हा त्याची किंमत अशी घराघरांत वसूल होते.

शिकागोत ५० प्रभाग आहेत आणि प्रत्येकाचा नगरसेवक आपल्या हद्दीतला राजा. दुकानावर कापडी छत टाकायचं, पाटी लावायची, फुटपाथ कापून गाडीला वाट काढायची, जमिनीचा वापर बदलायचा, या सगळ्याला त्या नगरसेवकाचा होकार लागतो. हा लेखी कायद्यापेक्षा रूढीचा भाग जास्त. एकाच्या प्रभागात दुसऱ्यानं नाक खुपसायचं नाही, हा सभागृहातला अलिखित करार. त्याच्या जोडीला घरपट्टीची व्यवस्था. मालमत्तेचं मूल्यांकन जास्त झालं म्हणून अपील करायचं आणि कर कमी करून घ्यायचा, हा तिथे वकिलांचा मोठा धंदा आहे. बर्क यांची या अपिलांची वकिली होती आणि मॅडिगन यांचीही. दोन्ही गोष्टी कायदेशीर. एका हातात परवानगी, दुसऱ्या हातात वकीलपत्र. बिल्डरला स्पष्ट काही सांगावं लागत नाही. त्याला आपोआप कळतं की फाइल हलायची असेल तर घरपट्टीचं काम कुणाकडे द्यायचं. आपल्याकडे यासाठी पाकीट लागतं, तिथे बिल येतं. कुंपणानंच शेत खायचं ही रीत मात्र तीच.

युनियन स्टेशनला लागूनच जुन्या टपाल कार्यालयाची अवाढव्य इमारत आहे, इतकी मोठी की तिच्या पोटातून हमरस्ता जातो. कित्येक वर्षं ती ओस पडली होती. मग न्यूयॉर्कच्या विकासकानं ती घेतली, आणि त्याच्या घरपट्टीचं काम आपल्या कचेरीला मिळावं म्हणून बर्क यांनी फासे टाकले. मदतीला घेतले डॅनी सोलिस, दुसरे वजनदार नगरसेवक. सोलिस तोपर्यंत एफबीआयच्या जाळ्यात सापडून त्यांच्यासाठीच बोलणं टिपत होते, हे बर्क यांना ठाऊक नव्हतं. गिऱ्हाईक मिळालं का, हे विचारताना बर्क यांनी ‘ट्यूना’ मासा गळाला लागला का, असं विचारलं. तो शब्द ध्वनिफितीवर आला आणि खटल्यात ज्यूरीनं ऐकला. २१ डिसेंबर २०२३ रोजी १४ पैकी १३ आरोपांत बर्क दोषी ठरले. पुढच्या जूनमध्ये दोन वर्षांची कैद आणि २० लाख डॉलर दंड. सोलिस यांना शिक्षा झाली नाही. याचा मला राग येतो आणि मी तो लपवत नाही. पण त्यांच्या टिपणाशिवाय हा खटला उभा राहिला नसता, हेही तितकंच खरं.

त्या इमारतीखालून निघालेला रस्ता नदी ओलांडून शहरात शिरला की त्याचं नाव बदलतं: आयडा बी. वेल्स ड्राइव्ह. गुलामगिरीत जन्मलेली ही कृष्णवर्णीय पत्रकार. जमावानं माणसं झाडाला टांगून मारल्याच्या नोंदी तिनं जीव धोक्यात घालून गोळा केल्या आणि छापल्या. आयुष्याचा मोठा काळ ती शिकागोत राहिली, १९३१ मध्ये इथेच वारली. रस्त्याला तिचं नाव मिळायला २०१९ उजाडलं.

भाच्याला डायनासोर दाखवायला फील्ड म्युझियममध्ये नेलं. टी-रेक्सचा तो ‘सू’ नावाचा सांगाडा खरोखर थक्क करणारा आहे. तिकिटाच्या खिडकीशी मात्र मला भलतंच आठवत होतं. २०१७ मध्ये संग्रहालयाला प्रवेशशुल्क वाढवायचं होतं. बर्क यांच्या परिचयातल्या एका तरुणीनं तिथे उमेदवारीसाठी अर्ज केला होता आणि त्याला उत्तर आलं नव्हतं. बर्क यांनी अधिकाऱ्यांना फोनवर सुनावलं आणि शुल्कवाढीला विरोध करण्याची धमकी दिली. संग्रहालयाची धावपळ उडाली, तिला जागा देऊ केली गेली. पैशाचा संबंधच नव्हता. माझा शब्द खाली पडला कसा, एवढाच सल. शंभरावर वर्षं नाव राखून असलेली ज्ञानसंस्था एका नगरसेवकाच्या फोननं अशी हडबडावी, हे मला त्या ‘ट्यूना’पेक्षा जास्त झोंबलं.

बहिणीच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर चुंबकाखाली विजेचं बिल अडकवलेलं असतं. कॉमेड कंपनीचं. या कंपनीनं २०२० मध्ये २० कोटी डॉलर दंड भरायचं कबूल केलं. मॅडिगन यांची मर्जी राखावी म्हणून त्यांच्या माणसांना नोकऱ्या आणि कंत्राटं दिल्याचं मान्य केलं. फारसं काम न करता त्यातल्या काहींच्या घरी वर्षानुवर्षं पैसे जात राहिले, सगळे मिळून सुमारे १३ लाख डॉलर. मॅडिगन १९८३ पासून २०२१ पर्यंत, मधली दोन वर्षं सोडून, सभापती होते. २३ पैकी १० आरोपांत ज्यूरीनं त्यांना दोषी धरलं. जेवताना मी हा विषय काढला तेव्हा भावोजी म्हणाले, ‘अहो, हे शिकागो आहे. इथं असंच चालायचं. बिल वेळेवर भरायचं आणि गप्प बसायचं.’ ताईनं आमटी वाढता वाढता त्यांच्याकडे बघितलं. ‘पुण्यात घराच्या नोंदीसाठी तलाठ्यानं पैसे मागितले तेव्हा तुम्ही दोन महिने भांडत होतात,’ ती म्हणाली. ‘इथं का नाही?’ भावोजींनी उत्तर दिलं नाही. मला वाटतं, खरं उत्तर त्यांच्या आधीच्या वाक्यातच होतं. एकदा शहराचं नाव कानफाट्या पडलं की चोराला आयतं संरक्षण मिळतं. रागावलेला माणूस भाबडा ठरतो, आणि शहाण्यानं खांदे उडवायचे असतात.

नॉर्थ वेल्स रस्त्यावर (हा आयडा वेल्सच्या नावाचा नव्हे) ७३१ क्रमांकाच्या जागी गेले ती दुपारी. एलचा शिकागो अव्हेन्यूचा थांबा तिथून जवळ आहे. १९७७ मध्ये ‘शिकागो सन-टाइम्स’ या वर्तमानपत्रानं ‘बेटर गव्हर्नमेंट असोसिएशन’ या नागरिक संस्थेला बरोबर घेऊन इथे एक मोडकळीला आलेला दारूचा गुत्ता चक्क विकत घेतला. नाव ठेवलं ‘मिराज’. पॅम झेकमन ही बातमीदार मालकीण झाली, झे स्मिथ हा बातमीदार गल्ल्यामागे उभा राहून ग्लास भरू लागला, आणि छायाचित्रकार आतल्या बाजूच्या माळ्यावर दडून बसले. विजेच्या तारा लोंबत होत्या, नळ गळत होते, आगीपासून बचावाच्या नियमांची पायमल्ली उघड दिसत होती. यातलं काहीही मुद्दाम दुरुस्त केलं नव्हतं. तपासनीस एकामागून एक आले आणि पाकिटं घेऊन गेले. काहींचा भाव अवघा दहा डॉलर होता. मला या सगळ्यात तोच आकडा सुन्न करतो. आग लागली तर माणसं कोंडून मरतील अशी जागा, आणि डोळेझाक दहा डॉलरमध्ये!

जानेवारी १९७८ पासून त्या वर्तमानपत्रात २५ भागांची मालिका आली. बडतर्फ्या झाल्या, खटले झाले, तपासणीच्या रीती बदलल्या. पुलित्झर पारितोषिकासाठी मालिका शेवटच्या फेरीत पोचली आणि तिथे अडली. वेषांतर करून बातमी मिळवणं पत्रकारितेला शोभत नाही, असं परीक्षक मंडळातल्या मोठ्या संपादकांचं मत पडलं. मला त्यांचा आक्षेप समजतो, पटत मात्र नाही. आगीचे नियम दहा डॉलरला विकणारा माणूस बातमीदाराचं ओळखपत्र बघून हात पुढे करणार होता का? त्या जागी नंतर दुसरा पब आला. विटांची, कोपऱ्यावरची, साधी वास्तू. मी आत जाऊन कॉफी मिळेल का विचारलं, तिथल्या तरुण मुलानं ती करून दिली. मिराजचं नाव त्याला ऐकून माहीत होतं, पण तो गुत्ता चालवणारे बातमीदार होते हे नाही; त्याच्या समजुतीत तो कुठल्यातरी टोळीचा अड्डा होता. मी त्याला सगळी हकिगत सांगितली. तो दोन्ही कोपर टेकून ऐकत राहिला आणि मग माळा कुठे असेल म्हणून छताकडे बघायला लागला.

या शहराबद्दल मला बोलायचं आहे ते हेच. टोळीप्रमुख अल कपोनच्या नावानं शिकागोत सहलीच्या बसगाड्या निघतात. १९२९ च्या व्हॅलेंटाइन दिनी सात माणसं जिथे भिंतीशी उभी करून मारली, ते गॅरेज पाडून अर्धशतक उलटलं तरी लोक तिथलं गवत बघायला जातात. पण टेरी हेक या तरुण सरकारी वकिलानं १९८० च्या सुमारास तीनेक वर्षं लाचखाऊ वकिलाचं सोंग घेऊन, अंगावर यंत्र बांधून, शिकागोच्या कुक काउंटीच्या न्यायालयांत न्याय कसा विकला जातो ते टिपलं, त्याच्या नावाची बस निघत नाही. ‘ऑपरेशन ग्रेलॉर्ड’ या त्या कारवाईत ९३ जणांवर आरोप ठेवले गेले, त्यांत १७ न्यायाधीश होते आणि त्यातले १५ दोषी ठरले. हेकनं आपली वकिलीतली उमेदीची वर्षं, सहकाऱ्यांची मैत्री आणि झोप त्यात घातली. १९७६ ते २०१० या काळात शिकागोच्या केंद्रीय न्यायक्षेत्रात सार्वजनिक भ्रष्टाचाराच्या दीड हजारावर शिक्षा झाल्या, असा हिशेब तिथल्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी मांडला, आणि शिकागो देशातलं सर्वांत भ्रष्ट महानगर ठरलं. आकडा खरा आहे. पण प्रत्येक शिक्षेमागे कुणीतरी तक्रार केली, कुणीतरी साक्ष दिली, कुणीतरी निकाल लिहिला. जिथे कुणी पकडतच नाही त्या शहराच्या नावावर शून्य लागतं, आणि ते शून्य स्वच्छ दिसतं.

डिअरबॉर्न रस्त्यावर केंद्रीय न्यायालयाची मीस व्हॅन डर रोह यांनी उभारलेली काळ्या पोलादाची उंच इमारत आहे, समोर काल्डरचं लालभडक ‘फ्लेमिंगो’ शिल्प. रायन, ब्लागोयेविच, बर्क, मॅडिगन सगळ्यांचे खटले याच इमारतीत चालले. वरच्या मजल्यांवर कोणत्याही दालनात जाऊन बसता येतं. मी एका साध्या फसवणुकीच्या सुनावणीला बसले. न्यायाधीश बाईंनी आरोपीला त्याचे हक्क इतक्या सावकाश, त्याच्या डोळ्यांत बघत समजावले की मी वहीत लिहायचं थांबून ऐकत राहिले.

रायन यांचं प्रकरण मी सगळ्यात शेवटी वाचलं, आणि वाचून झाल्यावर बराच वेळ उठले नाही. ते राज्याचे सचिव होते, म्हणजे वाहन परवान्याचं खातं त्यांच्याकडे. निवडणूक निधीच्या तिकिटांचे कोटे कर्मचाऱ्यांना पडायचे, ते भरण्यासाठी परवाना केंद्रांवर ट्रकचालकांकडून पैसे घेऊन परवाने वाटले जात. ८ नोव्हेंबर १९९४ रोजी मिलवॉकीजवळच्या महामार्गावर एका ट्रकचा सुटलेला लोखंडी भाग शिकागोच्या एका पाद्रीच्या गाडीखाली आला आणि पेट्रोलची टाकी पेटली. नऊपैकी सहा मुलं गेली. ट्रकचालकाचा परवाना लाच देऊन मिळवलेला होता. भाग निखळतोय म्हणून इतर चालक त्याला रेडिओवर ओरडून सांगत होते; त्याला पुरेसं इंग्रजी कळत नव्हतं. परवाना केंद्रातल्या एका कर्मचारी बाईंनी नोकरीची पर्वा न करता तोंड उघडलं, म्हणून हे सारं उजेडात आलं. ७९ जणांवर आरोप, ७६ दोषी. तोवर गव्हर्नर होऊन गेलेल्या रायन यांना २००६ मध्ये साडेसहा वर्षांची शिक्षा झाली.

आणि याच रायन यांनी २००३ च्या जानेवारीत, पद सोडायच्या आदल्या आठवड्यात, फाशीच्या कोठडीतल्या सगळ्यांची, १६७ जणांची, फाशी रद्द केली होती. कारण फाशीची शिक्षा पुन्हा सुरू झाल्यापासून राज्यात १२ जणांना फाशी झाली आणि १३ जण निर्दोष असूनही फाशीच्या रांगेत होते, हे उघड झालं होतं. शिकागोच्या एका न्यायाधीशानं तर खुनाचे खटलेही पैसे घेऊन फिरवले होते. रायन यांच्या त्या सहीबद्दल मला आदर आहे. त्या सहा मुलांपुढे तो आदर किती टिकतो, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

शेवटच्या आठवड्यात ऑरेंज लाइननं नैर्ऋत्येला गेले, पुलास्की रस्त्यावर. एकेचाळिसाव्या गल्लीशी बर्गर किंगचं दुकान आहे. बर्क यांनी २०१७ मध्ये याच्या नूतनीकरणाचं काम थांबवून ठेवलं, मालकांचं घरपट्टीचं काम आपल्याकडे यावं म्हणून. त्याच दुकानाजवळच्या रस्त्यावर २० ऑक्टोबर २०१४ च्या रात्री लक्वान मॅकडॉनल्ड या सतरा वर्षांच्या मुलाला एका पोलिसानं सोळा गोळ्या घातल्या. शहरानं चित्रफीत वर्षभर दाबून धरली. एका मुक्त पत्रकारानं न्यायालयात जाऊन ती बाहेर काढायला लावली. गाड्या भरधाव जात होत्या. दुकानात मुलं बटाट्याचे काप खात बसली होती.

हा बर्क यांचा चौदावा प्रभाग. जानेवारी २०१९ मध्ये त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला आणि फेब्रुवारीत याच लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. का, हे मला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. आर्चर अव्हेन्यूवर एका मेक्सिकन बाईंच्या बेकरीत शिरले. गोड पावांवर साखरेच्या पापुद्र्याची नक्षी होती, ते चिमट्यानं ताटात घ्यायचे. बाई मोकळ्या होत्या. म्हणाल्या, ‘माझ्या गल्लीतला बर्फ सगळ्यात आधी उचलला जायचा. फोन केला की माणूस यायचा. बाकीचं आम्हाला काय करायचं होतं?’ मग जरा थांबून म्हणाल्या, ‘दुकानावर कापडी छत टाकायला मात्र मी कधी अर्ज केला नाही. भीती वाटायची. गेल्या वर्षी केला. मिळालं.’ त्यांनी मला बाहेर नेऊन ते हिरव्या पट्ट्यांचं छत दाखवलं, शिवणीला हात लावून.

तुमच्याकडे पकडतात का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, पकडतात. लाचलुचपत खात्याचा सापळा असतो, नोटांना पावडर लावतात, आणि निळसर दिव्याखाली घेणाऱ्याची बोटं चमकतात. पण सापडतात ते बहुतेक तलाठी, कारकून, हवालदार. ‘आणि मोठे?’ मग मी त्यांना जळगावची घरकुल योजना सांगितली. गरिबांच्या घरांच्या त्या योजनेत महापालिकेचे आयुक्त प्रवीण गेडाम यांनी २००६ मध्ये फिर्याद दिली, आणि २०१९ मध्ये धुळ्याच्या न्यायालयानं दोन माजी मंत्र्यांसह ४८ जणांना दोषी ठरवलं. त्यावर अपिलं झाली. बाईंनी तेरा वर्षं बोटांवर मोजली. ‘तो आयुक्त अजून लोकांच्या लक्षात आहे?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जळगावात आहे. मी त्याच्याबद्दल लिहिलं होतं आणि पुन्हा लिहीन.